ईआरपीवर ‘प्रोसीड’ दाबता दाबता बँकेवरही दाबलं, आता काय?

प्रश्न असा आला: “मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. ऑफिसचं ईआरपी, म्हणजे हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर, उघडलं की मधूनमधून ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं लाल खुणेचं पान येतं. कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या मुलानं सांगून ठेवलंय, ‘ॲडव्हान्स्ड’ दाबा, खाली ‘प्रोसीड’ दाबा. आम्ही सगळे तेच करतो. परवा बँकेच्या साइटवर तसंच पान आलं. घाईत मी तिथंही तेच केलं, लॉगिन केलं, एक पेमेंटही टाकलं. काही बिघडलं असेल का? आणि हे पान कायमचं घालवायचं कसं?”

ताई, आधी बँकेचं बघू. ईआरपी दोन दिवस थांबलं तरी चालतंय.

मोबाईलचं वाय-फाय बंद करा आणि मोबाईल डेटावर बँकेची साइट उघडा. पत्ता गुगलमध्ये शोधू नका, पासबुकावर किंवा चेकबुकावर छापलाय तो हातानं टाका; पासबुक जुनं असेल तर आत्ताचा पत्ता शाखेत विचारून घ्या. लाल पान न येता साइट उघडली, तर तिथूनच लॉगिन पासवर्ड आणि ट्रान्झॅक्शन पासवर्ड दोन्ही बदला. खात्याचा उतारा काढा, आणि बेनिफिशियरींच्या, म्हणजे ज्यांना पैसे पाठवता येतात त्यांच्या, यादीत तुम्ही न घातलेलं एखादं नाव दिसतंय का ते बघा. ही यादी बघायला लोक विसरतात. पैसे नंतर हलवायचे असले की आधी गुपचूप तिथं नाव घालून ठेवलं जातं. कंपनीच्या खात्याला दोन माणसांची मंजुरी असेल तर दुसऱ्या माणसाच्या कानावर घाला, आणि शाखेत एक फोन करा. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बहुतेक प्रकरणांत काहीही गेलेलं नसतं, कारण साधं तांत्रिक निघतं. पण ‘बहुतेक’ वर बँकेचा पासवर्ड सोडता येत नाही, आणि त्या लाल पानाकडे बघून तुमचं प्रकरण कोणतं ते कळत नाही.

आता ते पान नेमकं काय सांगतं. साइट चोर आहे असं ब्राउझर म्हणत नाही. समोर कोण आहे याची खात्री पटली नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ओळख पटवायला साइट एक डिजिटल दाखला दाखवते, त्याला सर्टिफिकेट म्हणतात, आणि त्यावर तो देणाऱ्याची सही असते. ‘प्रोसीड’ दाबल्यावर तुमचा पासवर्ड सांकेतिक होऊनच जातो, फक्त तो कोणाच्या हातात पडतोय हे तुम्हालाही माहीत नसतं आणि ब्राउझरलाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा. लाल पान आलं नाही म्हणजे साइट सज्जन, असं नाही. फसवणुकीच्या साइट्सही आजकाल रीतसर, फुकटचं सर्टिफिकेट घेऊन बसतात. पत्त्याशेजारचं कुलूप क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये काढून टाकलं ते बरंच झालं. लोक त्या कुलपाला आयएसआयचा शिक्का समजत होते.

तुम्ही अकाउंट्सच्या, म्हणून चेकवरून सांगतो. चेक परत येतो तेव्हा सोबत कारणाची चिठ्ठी असते. तारीख उलटली, नाव जुळत नाही, सही जुळत नाही. तिन्हींचा इलाज वेगळा, म्हणून तुम्ही आधी चिठ्ठी वाचता. इथं ती चिठ्ठी पानाच्या खालच्या बाजूला बारीक राखाडी अक्षरांत असते, आणि ती कोणीच वाचत नाही. ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’, ‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’, ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ या तीनपैकी एक बहुधा सापडेल. फायरफॉक्समध्ये शब्द वेगळे असतात, भानगडी याच.

तारखेची भानगड सगळ्यात जास्त वेळा येते, आणि निम्म्या वेळा साइटचा त्यात काही दोष नसतो. एका फौंड्रीतला डिस्पॅचचा पीसी घ्या. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शेडचा मेन पाडायची तिथली पद्धत. सुट्टीनंतरच्या सकाळी माल भरलेली गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि ई-वे बिल निघेना. ई-वे बिलाच्या साइटवर लाल पान, जीमेलवर लाल पान, साध्या बातम्यांच्या साइटवरही लाल पान. सुपरवायझर म्हणतो व्हायरस आला, कोणी म्हणतं नेट गंडलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१५. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ तोच चालवतो. तो संपला आणि प्लगमधली वीज गेली, की घड्याळ मागं पळतं. सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ अशा दोन तारखा असतात. २०१५ मध्ये जाऊन बसलेल्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं आजचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. क्रोम तर बऱ्याचदा सरळ लिहितो, ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’. तरीही ‘प्रोसीड’ कुठाय म्हणून शोधणारी माणसं असतात.

यावर इलाज म्हणजे आधी तारीख-वेळ हातानं बरोबर टाका, मग तारखेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. फरक वर्षांचा असेल तर विंडोज आपण होऊन घड्याळ सरळ करेलच याचा भरवसा नाही, म्हणून हातानं आधी. आणि सेल बदला. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे, पण ते केलं नाही तर पुढच्या सुट्टीनंतर गाडी परत गेटवर उभी.

घड्याळ बरोबर असूनही तारखेचीच तक्रार आली, तर साइटवाल्यांचं सर्टिफिकेट खरोखर संपलंय. त्यांना कळवा आणि वाट बघा. नुसती माहिती वाचायची असेल, लॉगिन नसेल, फॉर्म नसेल, काही डाउनलोड करायचं नसेल, तर काल संपलेल्या सर्टिफिकेटची साइट उघडून वाचली म्हणून आभाळ कोसळत नाही. पासवर्ड, आधार, पॅन, ओटीपी यातलं काही टाकायचं असेल तर थांबायचं. मध्ये कोणी आहे की नाही याची खात्री पटत नाही तोवर ‘फक्त तारीखच संपलीय’ हा युक्तिवाद माझ्याकडे चालत नाही.

नावाच्या तक्रारीचा अर्थ सर्टिफिकेट एका नावानं आहे आणि तुम्ही पत्ता दुसराच टाकलाय. ऑफिसच्या सर्व्हरवर हे सर्रास होतं, कारण आपल्याकडे सर्व्हरला नावानं कोणी हाक मारत नाही. सगळ्यांना पाठ असतो तो १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा. महापुराची धास्ती घेऊन तळमजल्यावरचा सर्व्हर वर नेला, नवीन राऊटर बसवला, आकडा बदलला, सर्टिफिकेट जुन्याच आकड्याचं राहिलं, असं सांगली-मिरजेत नवल नाही. दुसरी एक खोच आहे. ‘तारा’ लावून घेतलेलं सर्टिफिकेट, ज्याला वाइल्डकार्ड म्हणतात, एकाच पायरीपुरतं चालतं. कंपनीच्या नावामागं एक शब्द असेल तर चालेल, ठिपका देऊन आणखी एक शब्द लावला तर नाही. आणि २०१७ पासून, म्हणजे क्रोम ५८ पासून, सर्टिफिकेटमधल्या जुन्या ‘कॉमन नेम’ च्या रकान्यात लिहिलेलं नाव क्रोम बघतच नाही. पर्यायी नावांचा वेगळा रकाना असतो, नाव तिथंच लागतं. सर्टिफिकेट बनवायची जुनीच कृती कुणी कुठून तरी उचलली की तो इथं अडकतो.

तिसरी तक्रार ‘ऑथॉरिटी’ ची, म्हणजे सही ओळखीची नाही. तुमच्या ईआरपीवर हीच असणार आणि बँकेवरही बहुधा हीच असणार. पण दोन्हींची कारणं वेगळी, आणि ती शोधायची तर एक साधी परीक्षा आहे. माझ्या मते या सगळ्यात तीच सगळ्यात कामाची.

तेच पान, तोच पत्ता, मोबाईल डेटावर उघडा. मग शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडा. सगळीकडे लाल पान येत असेल तर दोष साइटचा. तुमच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर येत असेल तर घड्याळ, अँटीव्हायरस किंवा त्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं काहीतरी. ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरवर येतं पण मोबाईल डेटावर येत नाही, तर ऑफिसचं नेट मध्ये काहीतरी करतंय. मग ती फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर पहारा देणारं यंत्र, असेल, राऊटर असेल, नाहीतर त्या राऊटरच्या सेटिंगशी कोणीतरी खेळलेलं असेल. एक अपवाद सांगून ठेवतो. कॉम्प्युटरवर चालतं आणि मोबाईलवरच लाल येतं, असं उलटं झालं, तर साइटवाल्यांनी मधलं सर्टिफिकेट बसवायचं राहिलेलं असण्याची शक्यता मोठी. साइटच्या सर्टिफिकेटवर सही असते मधल्या संस्थेची, तिच्यावर मूळ संस्थेची, अशी ती साखळी असते. मधला दुवा सर्व्हरनं दिला नाही तर विंडोजवरचा क्रोम तो स्वतः जाऊन आणतो, मोबाईलवरची काही ब्राउझर आणि ॲप्स आणत नाहीत. वेब डेव्हलपर छातीठोकपणे “माझ्याकडे चालतंय” म्हणतो ते यामुळेच, आणि तो खोटं बोलत नसतो.

ही परीक्षा झाली की सर्टिफिकेट उघडून बघा. पत्त्याच्या डाव्या बाजूला ‘नॉट सिक्युअर’ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करा, मग ‘सर्टिफिकेट डिटेल्स’. एक छोटी खिडकी उघडते. वरच्या बाजूला ‘इश्यूड टू’, म्हणजे कोणाला दिलंय. त्याखाली ‘इश्यूड बाय’, कोणी दिलंय. मग दोन तारखा. बाकीचं आकड्या-अक्षरांचं जंजाळ सध्या सोडा. बँकेच्या साइटवर ‘इश्यूड बाय’ खाली तुमच्या अँटीव्हायरसचं किंवा ऑफिसच्या फायरवॉलचं नाव दिसलं, तर उलगडा झाला. फायरवॉल मध्ये बसून तुमचं बोलणं उघडते, तपासते, आणि स्वतःच्या सहीचं नवीन सर्टिफिकेट लावून तुमच्याकडे पाठवते. हे चोरून होत नाही, कंपनीनं पैसे मोजून ही सोय घेतलेली असते. फक्त त्या फायरवॉलची सही तुमच्या कॉम्प्युटरला ओळखीची करून द्यायचं काम अर्धवट राहिलेलं असतं.

“बघा, निरुपद्रवी निघालं” असं इथं म्हणता येतं, पण मी म्हणणार नाही. एक तर बँक आणि दवाखाना या दोन प्रकारच्या साइट्स या तपासणीतून वगळायच्या असतात. बऱ्याच फायरवॉलमध्ये तशी वर्गवारी तयारच असते, टिक करायची असते. कर्मचाऱ्याच्या बँकेचा पासवर्ड कंपनीच्या खोक्यात उलगडला जावा हे मला पटत नाही, कायद्याचं बाजूला ठेवलं तरी. दुसरं म्हणजे त्या खोक्याची स्वतःची किल्ली नीट नसली तर तपासणीच अंगाशी येते. २०१२ मध्ये टॉर या ओळख लपवून नेट वापरायच्या प्रकल्पाच्या लोकांना आढळलं, की सायबरोम या अहमदाबादच्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये सही करायची किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती. म्हणजे एका खोक्यातली किल्ली ज्याच्या हाती लागेल, त्याला दुसऱ्या कोणाच्याही खोक्यामागचं बोलणं उघडता यावं. कंपनीनं मग ते दुरुस्त केलं. पण फायरवॉल बसवायला येणाऱ्या माणसाला “आमची स्वतःची किल्ली तयार केलीस का” हे विचारायला अजूनही हरकत नाही.

‘इश्यूड बाय’ मध्ये ओळखीचं काहीच नसेल, नुसतं काहीतरी अगम्य नाव असेल किंवा ‘इश्यूड टू’ आणि ‘इश्यूड बाय’ दोन्हीकडे एकच नाव असेल, आणि साइट बँकेची असेल, तर कॉम्प्युटरची नेटची वायर काढा आणि माणूस बोलवा. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलता वर्षानुवर्षं चालवणारी ऑफिसं कमी नाहीत. तिथं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणारी व्यवस्था, बदलून तुम्हाला भलत्याच सर्व्हरकडे वळवणं अवघड नसतं.

बँकेच्या बाबतीत आणखी एक शक्यता सध्या बघावी लागते. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपल्या साइट्स ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. आपल्या भागातल्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू. तुमच्या ब्राउझरमध्ये जुना पत्ता बुकमार्क करून ठेवलेला असेल आणि जुन्या पत्त्याच्या सर्टिफिकेटकडे आता कोणी बघत नसेल, तर लाल पान येणारच. जुने बुकमार्क काढून टाका. सोडून दिलेला पत्ता उद्या भलत्याच माणसानं विकत घेतला तर तिथं लाल पानही येणार नाही, आणि ते जास्त वाईट.

सरकारी साइट्सवरही लाल पान येतं, मग तिथं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. बहुतेक वेळा मुदत संपलेली असते, बाकी काही नाही. पण ‘सरकारी आहे म्हणजे चालतंय’ हे गृहीत धरू नका, त्याला इतिहास आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आलं, की आपल्या काही पत्त्यांची सर्टिफिकेटं आपण न मागताच कोणीतरी दिलीत. ती निघाली होती एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आयटी संस्थेच्या, सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेतून. तिच्यावर सही होती भारत सरकारच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजची, आणि ती सही तेव्हा विंडोजला मान्य होती. एनआयसीचे ते मधले दुवे रद्द झाले, मायक्रोसॉफ्टनंही ती सर्टिफिकेटं बाद केली, आणि क्रोमनं भारताच्या त्या मूळ सहीला मोजक्या पत्त्यांपुरतं बांधून टाकलं. फायरफॉक्सच्या यादीत ती सही मुळात नव्हतीच. टेंडर भरायला आणि जीएसटीला जी डिजिटल सहीची यूएसबी वापरता ती आजही त्याच कंट्रोलरच्या व्यवस्थेखाली येते. साइटचं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट. यूएसबी चालते म्हणून साइटही खरीच, असा हिशेब मांडू नका.

त्या यूएसबीवरून आठवलं. जीएसटीवर डिजिटल सही करताना एमसाइनर लागतो, आणि तो सुरू करताना पत्ता येतो १२७.०.०.१, पुढं पोर्ट १५८५. तिथंही लाल पान येतं आणि सूचनाच असते की ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढं जा. इथं जायला हरकत नाही. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर, ब्राउझर तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एमसाइनरशी बोलतोय, वायरवरून काहीच बाहेर जात नाही. अट एकच, एमसाइनर तुम्ही जीएसटी पोर्टलवरूनच उतरवलेला असावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फायलीतून नव्हे.

आता तुमचं ईआरपी. तिथं जे सर्टिफिकेट आहे ते सर्व्हरनं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे, स्वतःच्याच सहीचं. सॉफ्टवेअर बसवताना ते आपोआप तयार होतं आणि तसंच राहतं. हजेरीच्या थंब मशीनचं पान, सीसीटीव्हीचा एनव्हीआर, प्रिंटर, राऊटर, सगळ्यांचं हेच. ‘प्रोसीड’ दाबलं की क्रोम ते साधारण आठवडाभर लक्षात ठेवतो, मग परत विचारतो. म्हणून तुम्हाला ते मधूनमधून दिसतं. यातून एक कामाची गोष्ट निघते. काल दाबून आज परत आलं, तर कदाचित सर्व्हरवरचं सर्टिफिकेटच बदललंय. सर्व्हर नव्यानं बसवला असेल तर ठीक, नाहीतर विचारायला हवं की का बदललं. पण नेहमीच येणारं पान आणि आज वेगळ्या कारणानं आलेलं पान दिसायला हुबेहूब सारखंच, त्यामुळे हा फरक कोणाच्याच ध्यानात येत नाही.

“ऑफिसच्या आतलंच तर आहे, इथं कोण ऐकतंय?” असं तुमचा कॉम्प्युटरवाला म्हणेल. केबिनच्या भिंतीवर वाय-फायचा पासवर्ड चिकटवलेला असतो. व्हेंडर येतो, ऑडिटरची मुलं येतात, मशीन दुरुस्तीचा इंजिनिअर लॅपटॉप जोडतो. त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपनं “मीच सर्व्हर” असं सांगून मध्ये बसायची साधनं फुकट मिळतात. तसं कोणी बसलं तर तुमच्या ब्राउझरवर लाल पान येईल, आणि तुम्ही सगळे शिकवल्याप्रमाणे ‘प्रोसीड’ दाबाल. ईआरपीचा पासवर्ड गेला तर गेला म्हणावं, तर तोच पासवर्ड मेलला आणि बँकेला लावलेला नसेल याची खात्री कोण देणार?

माझा राग त्या मुलावर नाही, त्याला महिन्याकाठी जे मिळतं त्यात तो तेवढंच करणार. पण सवय ऑफिसनं लावली हे स्पष्ट बोललं पाहिजे. सगळ्या स्टाफला लाल पान न वाचता दाबायला शिकवायचं, आणि मग एखादीनं बँकेवर दाबलं की “लक्ष कुठं होतं” म्हणून तिलाच झापायचं, हे चालणार नाही. तुम्ही विचारलंत ‘कायमचं कसं घालवायचं’, ते काम तुमचं नाहीच. मालकांना सांगून करून घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं आहे, आणि ते कसं ते सांगतो म्हणजे “होत नाही” हे उत्तर ऐकून घ्यावं लागणार नाही.

१९२.१६८ च्या आकड्याला जगातली कोणतीही मान्य संस्था सर्टिफिकेट देत नाही, कारण तो आकडा घरोघरी आहे. ‘डॉट लोकल’ नावालाही नाही. पण तुमच्या कंपनीची वेबसाइट असेलच, म्हणजे कंपनीच्या नावाचं डोमेन आहे. त्याच्या आधी ‘ईआरपी’ असा शब्द लावून सर्व्हरला नाव द्यायचं आणि ऑफिसच्या डीएनएसमध्ये ते नाव आतल्या आकड्याकडे वळवायचं. मग ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून फुकटचं सर्टिफिकेट घ्यायचं. त्यासाठी सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा करावा लागत नाही; डोमेनच्या डीएनएसमध्ये त्यांनी सांगितलेली एक नोंद टाकून मालकी सिद्ध करता येते, आणि हे सगळं आपोआप होईल असं लावून ठेवता येतं. एक सावधगिरी मात्र घ्या. अशा प्रत्येक सर्टिफिकेटवरचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं, कोणीही वाचू शकतं. म्हणून सर्व्हरला ‘पगार’ किंवा ‘बॅकअप’ असली आमंत्रण देणारी नावं देऊ नका, नाहीतर वाइल्डकार्ड घ्या.

डोमेनचा उपद्व्याप नको असेल तर दुसरी वाट म्हणजे ऑफिसनं स्वतःचीच छोटी सही देणारी संस्था तयार करायची. तिचं मूळ सर्टिफिकेट सगळ्या कॉम्प्युटरच्या ‘ट्रस्टेड रूट’ मध्ये टाकायचं; विंडोज डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीनं एकदाच, नसेल तर टेबलाटेबलावर जाऊन. फायरफॉक्सची यादी वेगळी असते, तिकडे लक्ष ठेवायचं. त्या मूळ सर्टिफिकेटची किल्ली मात्र पेन ड्राइव्हवर घालून कपाटाला कुलूप, सर्व्हरच्या डेस्कटॉपवर नाही. ती ज्याच्याकडे तो तुमच्या ऑफिसपुरती कोणतीही साइट खरी म्हणून दाखवू शकतो. खरं सांगायचं तर पंधरा-वीस कॉम्प्युटरच्या ऑफिसला मी पहिलीच वाट सुचवतो.

आणि यातलं काहीच होत नाही तोपर्यंत निदान एवढं करून घ्या. सर्व्हरपाशी बसून त्याच्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट, म्हणजे ते ओळखायची आकड्या-अक्षरांची ओळ, कागदावर उतरवून घ्यायचा, आपल्या कॉम्प्युटरवर दिसतो तो त्याच्याशी पडताळायचा, आणि जुळला तरच ते सर्टिफिकेट कायमचं मान्य यादीत टाकायचं. सर्टिफिकेटमध्ये सर्व्हरचा पत्ता बरोबर असेल तर लाल पान थांबतं. मग परत कधी आलं, तर ते खरंच वाचण्यासारखं असेल.

पैसे देऊन वर्षाचं सर्टिफिकेट आणायचं आणि दर वर्षी हातानं बसवायचं, हा सल्ला तुम्हाला कोणी देईल. त्याचे दिवस संपत आलेत. सप्टेंबर २०२० पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून २०२५ मध्ये ठरवलंय, की १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. दीड महिन्यानं हातानं बदलत बसणं कोणाला जमणार? वर्षानं एकदा होतं तेव्हाही लोक विसरायचे, कारण आठवणीचा मेल यायचा तो केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नं तर जून २०२५ पासून आठवणीचे मेल पाठवणंच बंद केलं. म्हणून आपोआप नूतनीकरण लावायचं, आणि ते खरंच होतंय का हे महिन्यातून एकदा कोणीतरी बघायचं, एवढी दोन्ही कामं मालकांकडून आत्ताच ठरवून घ्या.

जुन्या यंत्रांबद्दल थोडक्यात. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, त्यापुढं नाही. तिथं येणाऱ्या नव्या इशाऱ्यांना दुरुस्ती नाही, कॉम्प्युटर बदलणं हीच. गेटवर गाड्यांच्या नोंदीला ठेवलेले जुने टॅब्लेटही बघा. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचं असेल तर ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ची आजची मूळ सही त्याला माहीतच नाही. पूर्वी त्या टॅब्लेटवर फायरफॉक्स घालून काम भागायचं, कारण तो स्वतःची यादी घेऊन येतो; पण आताचा नवा फायरफॉक्स इतक्या जुन्या अँड्रॉइडवर चालत नाही.

कधीकधी लाल पानावर ‘प्रोसीड’ ची वाटच नसते, जीमेलवर कधीच नसते. साइटवाल्यांनी ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं की आमच्या बाबतीत तडजोड नको. तिथं अडला म्हणून कोणी तुम्हाला छुपी युक्ती शिकवायला आला तर शिकू नका. मीही इथं लिहिणार नाही.

मालकांना मेल लिहाल तेव्हा सोबत फोटो जोडा. मोबाईलनं स्क्रीनचा अर्धा, तिरका फोटो नको. पत्त्याची पट्टी, ती बारीक राखाडी ओळ आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ, तिन्ही एका चित्रात यायला हवीत. विंडोजचं बटण आणि ‘प्रिंट स्क्रीन’ एकदम दाबलं की येतात. दुसरा फोटो ‘इश्यूड टू’, ‘इश्यूड बाय’ च्या खिडकीचा. आणि खाली एक ओळ, मोबाईल डेटावर तीच साइट कशी उघडली. एवढं हातात असलं तर कारण सांगायला कोणाला कुपवाडला यावंही लागणार नाही.